पाण्यावरच्या गाडीला एक तलाव द्या

बर्फावर पळायला बनवलेली गाडी पाण्यावरही पळते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ग्रँट्सबर्ग नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं 1977 पासून जुलैत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, गावच्या तळ्यावर स्नोमोबाइलच्या शर्यती भरतात. पुढं दोन पट्ट्या, मागं रबराचा रुंद फिरता पट्टा, मध्ये सीट आणि हँडल, एवढीच ती गाडी. तिला तरंगायला काहीच दिलेलं नसतं. ॲक्सिलेटर सोडला की ती तळाला जाते. म्हणून गाडीला लांब दोरी आणि दोरीला बोया बांधलेला असतो. बुडाली तर कुठं बुडाली ते कळावं आणि ओढून काढता यावी. जोवर वेग आहे तोवर ती पाण्यावर. चपटा दगड नदीवर टप्पे घेत जातो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथं दगडाला इंजिन आहे.

नांदेडमध्ये माझं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. माझ्याकडं काम करणारी दोन पोरं आणि त्यांचा लातूरचा एक दोस्त यांनी या गाडीचा ध्यास घेतला आहे. लातूरचा पोरगा दाल मिलच्या मशिनरीचं फिटिंग करतो. तिघांपैकी एकानंही बर्फ पाहिलेला नाही. स्नोमोबाइल पाहायची म्हटली तर ती काश्मीरच्या गुलमर्गला पर्यटकांना फिरवताना दिसेल, आपल्या भागात तिचं कामच नाही. म्हणून त्यांना ती स्वतः बनवायची आहे, आणि थेट पाण्यासाठीच. घरचे म्हणतात, खूळ आहे. बाजारातले म्हणतात, तुम्ही मोठे आहात, त्यांना आवरा. मला त्यांना आवरायचं नाही. त्यांना काम करायला नीट जागा मिळावी, त्यांच्या पाठीशी एखादा इंजिनिअर उभा राहावा आणि चाचणीला एक सुरक्षित तलाव मिळावा, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

ही गाडी बनवणं खेळ नाही. पोरं पहिल्यांदा आली ती आरएक्स 100 मोटारसायकलचं इंजिन घेऊन. मराठवाड्यात त्या गाडीवर लोकांचा जीव आहे, आवाज ऐकला की म्हातारी माणसंसुद्धा वळून बघतात. पण ते 98 सीसीचं इंजिन, अकरा हॉर्सपॉवरचं. तिकडच्या शर्यतीतल्या सहाशे सीसीच्या स्नोमोबाइलला शंभरावर हॉर्सपॉवर असते आणि गाडीचं वजन दोनशे किलोच्या पुढं. वजनाच्या मानानं ताकद नसेल तर गाडी पाण्याच्या वर येतच नाही, नांगरासारखी रुतत जाते. मग मारुती 800 चं इंजिन निघालं. भंगारात मिळतं, सगळ्यांना खोलता येतं, सदतीसच्या आसपास हॉर्सपॉवर देतं. पण नुसतं इंजिन दोन माणसांनी उचलावं लागतं, वर रेडिएटर, गिअरबॉक्स आणि बॅटरी. शेवटी हिशोब आला 373 सीसीच्या मोटारसायकलच्या इंजिनावर. एक सिलिंडर, हलकं, त्रेचाळीस हॉर्सपॉवर. पाइपाची फ्रेम आणि ॲल्युमिनियमचा पत्रा वापरून गाडी एकशे दहा किलोत बसवली आणि साठ किलोचा पोरगा वर बसला, तर किलोमागं पाव हॉर्सपॉवर पडते. तिकडच्या गाड्यांपेक्षा कमी, पण कागदावर तरी जमण्यासारखं. ते इंजिन फोरस्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, आणि पाणी घाण न होण्याच्या दृष्टीनं ही गोष्ट महत्त्वाची आहे.

दुसरा प्रश्न पाणी आत जाण्याचा. हवा ओढणारं तोंड सीटच्या वर, हँडलच्या उंचीला न्यावं लागतं. स्पार्क प्लगची टोपी आणि वायरिंगचे जोड सिलिकॉनने बुजवावे लागतात. स्कूटीत असतो तसा आपोआप चालणारा व्ही-बेल्ट स्नोमोबाइलमध्ये असतो, आणि तो भिजला की घसरतो. इंजिन किंचाळतं, पट्टा फिरत नाही आणि गाडी जागेवर बुडते. त्यामुळं बेल्टच्या घराला पूर्ण बंद डबा हवा, पण डबा बंद केला की बेल्ट तापतो. हे सगळं पोरांनी स्वतः शोधून काढलं. इंजिनिअरिंगच्या मुलांना जे शिकायला एक सेमिस्टर जातं, ते दहावी आणि आयटीआय झालेली ही लेकरं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी भांडत शिकली.

खरी अडचण मागच्या पट्ट्याची. मूळ गाडीचा पट्टा अखंड रबराचा असतो आणि त्यावर रबराचेच उंच दात ओतलेले असतात. हे दातच पाणी मागं ढकलतात. असा पट्टा इथं मिळत नाही. इथं लातूरच्या पोराचं डोकं चाललं. दाल मिलमध्ये तूर वरच्या मजल्यावर चढवायला एलिव्हेटर असतो. उभा रबरी पट्टा, त्यावर ओळीनं बोल्टनं बसवलेले प्लास्टिकचे बकेट. तो म्हणाला, मामा, हा पट्टा आडवा केला आणि बकेटची तोंडं उलटी केली की झाला पाण्याचा पट्टा. लातूरला असे जुने पट्टे किलोवर मिळतात. कल्पना ऐकून मला फार आनंद झाला. ज्या गावाची ओळख डाळीची आहे, त्या गावच्या पोराला डाळीच्या मशीनमध्ये होडीचं वल्हं दिसावं, ही साधी गोष्ट नाही.

पण एलिव्हेटरचा पट्टा सेकंदाला दोन-तीन मीटरनं फिरतो. पाण्यावर सत्तरच्या वेगानं जायचं तर पट्टा सेकंदाला वीस मीटरनं तरी फिरायला हवा, पाण्यात तो घसरतो हे धरलं तर आणखी जास्त. वेग आठपट झाला की पुलीवर वळताना बकेटला बाहेर फेकणारी ओढ चौसष्टपट होते. मी पोरांना फळ्यावर मांडून दाखवलं. शंभर ग्रॅमचा बकेट, दहा सेंटिमीटर त्रिज्येची पुली, सेकंदाला वीस मीटर वेग. बकेट चाळीस किलोच्या जोरानं बोल्ट ओढतो. आणि ही ओढ एका सेकंदात कितीतरी वेळा येते आणि जाते. मग आम्ही पट्ट्याचा तुकडा जोडून मोटारीवर चढवला, भोवती जाड पत्र्याचं कवच केलं, माणसं भिंतीआड उभी केली आणि टप्प्याटप्प्यानं वेग वाढवला. ठरवलेल्या वेगाच्या निम्म्यालाही पोचलो नव्हतो. मोटार बंद करून पाहिलं तर बोल्टच्या भोकापासून रबराला नखाएवढी चीर गेली होती. धाकट्या पोरानं त्या चिरेवर बोट फिरवलं आणि बराच वेळ बोलला नाही. ती चीर दिसली नसती आणि पट्टा तसाच गाडीवर चढला असता, तर पुढच्या वेगाला बकेट गोळीसारखा सुटला असता, आणि गाडीवर बसणाऱ्याची पाठ त्याच दिशेला असते.

आता पोरं बोल्टऐवजी मागून ॲल्युमिनियमची आडवी पट्टी देऊन बकेट दोन ठिकाणी पकडणार आहेत आणि पट्ट्यावर पूर्ण लांबीचं झाकण करणार आहेत. ते टिकेल का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सांगू शकेल असा माणूस आमच्या वर्कशॉपपासून थोड्याच अंतरावर बसतो, कारण विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे. रबराची ताण-चाचणी करायचं यंत्र कॉलेजात असतं, बेअरिंग आणि शाफ्टचा हिशोब तपासणारे प्राध्यापक असतात. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. पण वर्कशॉपमधलं पोरगं कॉलेजच्या गेटवर जाऊन काय सांगणार? कुणाला भेटायचं? वॉचमन विचारतो, ॲडमिशन आहे का? काही कॉलेजांची मुलं बाहा स्पर्धेसाठी स्वतः गाडी बनवून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला नेतात. तिथं शर्यतीआधी परीक्षक त्या गाडीची कसून तपासणी करतात आणि ब्रेक, सीटबेल्ट, किल स्विच नापास झाला तर गाडी मैदानात उतरत नाही. चांगली पद्धत आहे. पण ती कॉलेजच्या ओळखपत्रावर मिळते. हातात कसब आहे आणि ओळखपत्र नाही, त्यांच्यासाठी अशी कुठलीच व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

आणि व्यवस्था नसली की काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. नांदेडपासून उत्तरेला, उमरखेडच्या पट्ट्यात, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी गाव. तिथला शेख इस्माईल, गाव त्याला मुन्ना म्हणायचं. शाळा लवकर सुटलेली, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा पंचविशीच्या आतला तरुण. त्यानं मारुती 800 चं इंजिन लावून एका माणसाचं हेलिकॉप्टर तयार केलं. ऑगस्ट 2021 मध्ये रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो मोठ्या पंख्यावर आदळला आणि पंखा मुन्नाच्या डोक्याला लागला. तो गेला. त्याचं ते यंत्र मी फोटोत पाहिलं आहे. वेल्डिंगचे सांधे पाहिले की हात कळतो, आणि तो हात चांगल्या कारागिराचा होता. त्याला कमी काय पडलं असेल तर वेगानं फिरणाऱ्या वस्तूचा हिशोब तपासून देणारा माणूस, आणि दिवसाउजेडी, अंतरावरून, यंत्र बांधून ठेवून चाचणी घेता येईल अशी जागा. लोक चार दिवस हळहळले. त्यानंतर कुठल्या कॉलेजानं किंवा कार्यालयानं "असं काही बनवत असाल तर आधी आमच्याकडं या" असं जाहीर केल्याचं मी ऐकलं नाही.

मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बनवणारे कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण लोक देतात. 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात त्यांचं विमान लोकांनी पाहिलं, 2017 साली त्याची नोंदणी झाली, उड्डाणाचा परवाना त्यानंतरही दोन वर्षांनी मिळाला. ते स्वतः वैमानिक, शिकलेले, चिकाटीचे, आणि तरीही एवढी वर्षं लागली. फुलसावंगीच्या किंवा लातूरच्या पोरानं कोणाचे उंबरे झिजवायचे?

आमच्या भागात पाण्यावरचं कसब कमी नाही, आणि ते कुठं जातं हेही सगळ्यांना माहीत आहे. गोदावरीच्या काठावर ड्रम आणि पाइप जोडून तराफे होतात, डिझेल इंजिनाला सक्शन पंप जोडून वाळू उपसणाऱ्या बोटी होतात. पंपाचा इम्पेलर वाळूनं झिजतो, तो पुन्हा भरून लेथवर घासावा लागतो. तराफ्याचा तोल इंजिनाच्या वजनानं बिघडू नये म्हणून ड्रम कुठं किती लावायचे याचं गणित काही कारागिरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. महसूलचं पथक येतं, तराफे जाळतं, इंजिनं जप्त करतं. महिन्याभरात नवे तराफे पाण्यात. हे काम घेऊन माणसं वर्कशॉपला येतात, पैसे रोख देतात आणि घासाघीस करत नाहीत. मी ते काम घेत नाही. पण माझ्याकडची पोरं उद्या स्वतंत्र झाली, घरात लग्नाचा किंवा दवाखान्याचा खर्च निघाला, तेव्हा त्यांच्या हाताला दुसरं चांगलं काम असेल का, याची मला काळजी आहे. नदी ओरबाडणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक आहे आणि नव्या यंत्राला उभं राहायला जागा नाही, अशी आज अवस्था आहे.

काही जण या गाडीचा संबंध पुराशी जोडतात. 17 ऑगस्ट 2025 च्या रात्री मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, लेंडी नदीचं पाणी हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेलीत शिरलं, माणसं छतावर अडकली, लष्कराची तुकडी बोलवावी लागली आणि तरी हसनाळला जीव गेले. तेव्हापासून पोरांच्या बोलण्यात, मामा, अशी गाडी असती तर, हे वारंवार येतं. त्यांचं मन मला कळतं, पण मी त्यांना खोटी आशा लावत नाही. ही गाडी पुरात कामाची नाही. तिला थांबता येत नाही, आणि छतावरच्या माणसाला घ्यायचं तर थांबावंच लागतं. ती दुसरा माणूस वाहून नेत नाही. पुराच्या पाण्यात ओंडके, कुंपणाच्या तारा, बुडालेले विजेचे खांब असतात. सत्तरच्या वेगानं त्यावर जाणं म्हणजे मरण. ज्यांना या प्रकल्पाला मदत मिळवायची आहे त्यांनीही पुराच्या नावानं ती मागू नये.

पण ही गाडी बनवताना पोरं जे शिकत आहेत ते पुराच्या कामाचं आहे. इंजिनात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही. हलकं आणि मजबूत कसं बांधायचं. बुडालेल्या सोयाबीनमध्ये आणि बांधावर बोटीचा पंखा गुंतून बंद पडतो, तिथं पंख्याशिवाय पाणी कसं ढकलायचं. माणूस पाण्यात पडताच मनगटाच्या दोरीनं इंजिन आपोआप कसं बंद करायचं. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी, गोदावरी या नद्यांच्या काठच्या गावांना सपाट बुडाची, उथळ पाण्यात चालणारी, गावातच दुरुस्त होणारी बोट लागणार आहे. ती बनवणारे हात आज वीस-बावीस वर्षांचे आहेत आणि त्यांना वेगाची ओढ आहे. ती ओढ त्यांना शिकायला लावते आहे. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे. आणि हे कारण नसतं, नुसत्या वेगासाठी त्यांना गाडी बनवायची असती, तरी मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. ग्रँट्सबर्गच्या तळ्यावर लोक उपयोग विचारत बसत नाहीत.

कायद्याचा रस्ता सरळ नाही. मोटार वाहन कायद्यानं मूळ गाडीच्या बांधणीत मनमानी बदल करायला बंदी आहे आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही ती बंदी उचलून धरली आहे. पण ही गाडी रस्त्यावर येणारच नाही. पाण्यावर यंत्रानं चालणाऱ्या नौकांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, त्यात नोंदणी आणि तपासणी आहे. वेग गेला की बुडणारी वस्तू नौका म्हणून तपासायची कशी, हे ठरवायला कुणीतरी जबाबदार माणूस बसायला हवा. पाण्याची मालकी सरकारची आणि बंदोबस्त पोलिसांचा. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडं असतो आणि तिची जाळी पाण्यात पसरलेली असतात. जाळं पट्ट्यात गेलं तर गाडीही जाईल आणि गरिबाचं जाळंही. एवढ्या सगळ्यांचा होकार पोरं कशी आणणार? कोणीतरी एकानं तो एकत्र आणून द्यायला हवा.

पोरांना विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय हवा आहे. विस्तीर्ण, सरळ पाणी, आणि कॉलेज अगदी शेजारी. मी त्याला विरोध केला आहे. नांदेड शहर ते पाणी पितं. तिथं पेट्रोलचा थेंबही सांडता कामा नये आणि आमच्या हौसेपायी शहराच्या पाण्याला धोका नको. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं त्या शहरानं पाहिलं आहे. शेततळंही नको. ते लहान असतं, आणि त्याच्या प्लास्टिकच्या उतारावरून पोहणाऱ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. हवा तो एखादा पाझर तलाव, ज्यावर कुठल्याही गावाची नळयोजना नाही, आणि जिथं चाचणीच्या भागात माणूस उभा राहील एवढंच पाणी आहे. दिवाळीनंतर असे तलाव भरलेले असतात, रब्बीचा उपसा अजून वाढलेला नसतो. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडं दोन्ही जिल्ह्यांतल्या अशा तलावांची माहिती आहे.

माझी मागणी पैशाची नाही. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपापल्या जिल्ह्यात असा एकेक तलाव आणि वर्षातले थोडे दिवस ठरवून द्यावेत. आपत्ती व्यवस्थापनाची बोट आणि जीवरक्षक त्या दिवशी काठावर असावेत. त्यांचाही सराव होईल. विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या प्राध्यापकांनी महिन्यातून एक दुपार वर्कशॉपवाल्यांसाठी उघडी ठेवावी, यंत्र तपासावं, आणि चुकीचं असेल तर सही न करता परत पाठवावं. पोरं रागावणार नाहीत. फळ्यावरचा चाळीस किलोचा हिशोब पाहून ती रागावली नव्हती. जीवरक्षक जॅकेट, हेल्मेट, मनगटाची किल स्विच दोरी आणि गाडीला बोया, यातलं एक जरी नसलं तरी गाडी पाण्यात उतरू देऊ नये. आमची गाडी आधी दोरीला बांधून चालेल, मग सुटी, आणि प्राध्यापकांचा होकार येईपर्यंत ती वर्कशॉपमध्येच राहील, हे मी पोरांकडून कबूल करून घेतलं आहे.

आणि हा लेख वाचणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, गॅरेजमध्ये असं काही बनवणारं पोरगं असेल तर त्याचं यंत्र मोडू नका. पण त्याला रात्री, एकट्यानं, कुणाला न सांगता त्याची चाचणीही घेऊ देऊ नका.